कोरडं पाचट

१४ नोव्हेंबर

नोकरीत असताना रोज लिहीत होतो. कालव्याला पाणी किती सुटलं, कुठल्या फाट्याला पाळी, कोण भांडून गेलं. निवृत्त झाल्यावर फाटे सुटले, लिहिणं चालू राहिलं. जूनमध्ये माझी बायको चंद्रा गेली आणि तेही थांबलं. लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे, म्हणून बसलो.

लेक राजेश्वरी बारामतीहून आली. ती तिथल्या संशोधन संस्थेत आहे, जळोचीत खोली घेऊन राहते. ऊस तुटून गेल्यावर रानात जो वाळला पाला पडतो, त्या पाचटावर तिचं काम चालू आहे. आपल्याकडं सगळे ते पेटवून देतात. राजी त्याच्या दाबून कांड्या करते, मनगटाएवढ्या जाड. त्या कांड्यांवर गुऱ्हाळ चालवायचं. रस काढून उरलेलं चिपाड कमी पडलं की काही लोक चुलवाणात, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीत, जुने टायरसुद्धा घालतात, ते तिला बंद करायचं आहे. प्रयोगशाळेत जमलं. आता खऱ्या गुऱ्हाळावर करून बघायचं.

"तात्या, मानसिंगकाकांना तुम्ही विचाराल का?" म्हणाली.

मी कधी कुणाकडं काही मागितलेलं नाही. लोकच माझ्याकडं पाणी मागायला यायचे. पण गेलो. त्यांचं गुऱ्हाळ आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर आहे.

मानसिंगराव म्हणाले, "तात्या, उभ्या नोकरीत तुमी मला एक पाळी जादा दिली न्हाय. आन आता माझं चुलवाण मागताय?"

मग तेच हसले. "घ्या. पर गूळ बिघडला तर ढेप तुमच्याच दारात आणून टाकीन."

चुलवाणात लोखंडी जाळी बसणार आहे. ती एका दांड्यानं हलवता येते, म्हणजे राख खाली पडते. या जाळीचा आराखडा राजीचा आहे. तिच्या सरांचा नाही, कुठल्या पुस्तकातला नाही. हे मी मानसिंगरावांना बोललो नाही. इथं लिहून ठेवतो.

२३ नोव्हेंबर

जाळी बसली. झुंबर उभं आयुष्य त्या चुलवाणापुढं जळण घालत आला आहे. तो कमरेवर हात ठेवून बघत होता.

"ताई, आगीला पिंजरा केलाय व्हय? ती काय पोपट हाय?"

"राख खाली पडावी म्हणून आहे, झुंबरमामा."

"राख काय, माझी बी पडंल येक दिवस. तवर माझं खोरं बास हाय."

राजी हसली. मग तिनं त्याला नीट सांगितलं. पाचटाच्या राखेची खोड अशी की फार तापली की ती वितळते. निवली की काचेसारखा दगड होतो. वीटभट्टीत जळून एकमेकींना चिकटलेल्या विटा निघतात ना, खंगर म्हणतात, तसा. तो जाळीवर बसला की आगीला वारा मिळत नाही. राख वितळायच्या आत खाली पाडायची, हे तिच्या जाळीचं काम. झुंबर ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बघू की मग," आणि पाणी प्यायला गेला. म्हणजे पटलं असावं.

पाचट गोळा करायचं काम मी मागून घेतलं. इंदापूरहून नवी ताडपत्री आणली. जळण भिजता कामा नये. चंद्रा आभाळात ढग दिसला की आधी जळण आत ओढायची, वाळत घातलेले कपडे नंतर. राजीला मी सांगितलं की एका काडीला दव लागू देणार नाही.

६ डिसेंबर

काल दुपारी बांधापलीकडच्यानं आपलं पाचट पेटवलं. वारं फिरलं आणि आमची गंजी गेली. ताडपत्रीसकट. मी कळशी घेऊन पळालो, पण पाचट पेटल्यावर कळशीनं काय होतं. त्यानं येऊन हात जोडले. सगळे पेटवतात, त्यानंही पेटवलं.

संध्याकाळी राजीचा फोन. उद्या सकाळी ट्रॅक्टर येतोय, पाचट तयार आहे का.

"आहे," म्हणालो.

आज उजाडताच गोठ्याच्या छपरावर चढलो. आठ जनावरांचा गोठा होता तो. शेवटची गाय मी श्रावणात विकली. छप्पर पाचटाचं, चंद्राच्या हातचं. शाकारायची ती, पेंढ्या खालून द्यायचो मी. नीट दिली नाही तर वरून ओरडायची, "पाण्याचा हिशोब कळतो, पेंढीचं डोकं कुठलं आन बूड कुठलं ते कळंना व्हय?" तिचे गुडघे धरल्यापासून वर कुणी चढलं नव्हतं. दर उन्हाळ्यात म्हणायची, यंदा शाकारू. राहिलं.

वरचं पाचट पावसानं धुऊन धुऊन पांढुरकं झालेलं, हातात भुगा होत होता. आतलंही तसंच निस्तेज. असलं जळण द्यायला लाज वाटली, पण दुसरं नव्हतं. ट्रॉली भरली. ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं नाही.

आढ्यावरची एक पेंढी ठेवली. सुतळीला तिची गाठ आहे, दुहेरी, टोक आत खोचलेलं. माळ्यावर ठेवली आहे.

१७ डिसेंबर

राजीची पहिली काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उतरली.

ट्रॉलीतल्या पाचटाच्या कांड्या पोत्यांतून परत आल्या होत्या. झुंबरनं पहिली कांडी हुंगून बघितली आणि आत टाकली. आग धरली. राजी दांडा हलवायची, राख खाली पडायची. रस उकळला, मळी वर आली, काढली, पाक झाला. मी सगळा वेळ चिंचेखाली उभा होतो. मला एकट्यालाच ठाऊक होतं की हे सडकं पाचट आहे. आता अडेल, आता अडेल असं वाटत होतं.

अडलं नाही. शेवटी झुंबरनं खोऱ्यानं राख ओढली. पिठासारखी. त्यानं बोटांत धरून चोळली आणि राजीकडं बघितलं. "ताई, खडा न्हाय. येक बी न्हाय."

मानसिंगरावांनी गुळाचा खडा राजीच्या हातावर ठेवला. तिनं अर्धा मला दिला. मी म्हणालो, "गोड आहे." गूळ गोडच असतो. मला दुसरं काही बोलायचं होतं.

राजीच्या जाळीनं वाईट पाचटसुद्धा चालवून दाखवलं. चांगल्या पाचटावर काय करेल.

२२ डिसेंबर

रविवार. राजी घरी. सकाळी परसात गेली ती गोठ्यापाशी उभी राहिली. नुसत्या मेढी आणि वासे उभे आहेत. बराच वेळ बघत होती. आत आली तेव्हा मला वाटलं, आता विचारेल. तिनं चहा ठेवला. मीही विषय काढला नाही. बरं झालं. आईचं नाव निघालं की ती उठून जाते, आणि मी तरी काय सांगणार होतो.

११ जानेवारी

संस्थेनं मोठा प्रयोग ठरवला आहे. गुऱ्हाळवाले येणार, दौंडपासून माळशिरसपर्यंतचे. दिवसभर काहिली उतरवून दाखवायच्या. या वेळी पाचट असं दिलं आहे की राजीनं नाव काढावं. ताज्या तोडीचं, सोन्यासारखं पिवळं, माती झटकलेलं. दोन ताडपत्र्या खाली, दोन वर. हात घातला तर कुरकुर वाजतं.

इंदापूरच्या बाजारात एकानं विचारलं, "पाचटवाल्या मॅडम तुमच्याच का?" व्हय म्हणालो. घरी येईपर्यंत तेच मनात होतं.

१९ जानेवारी

अडलं.

पहिल्याच काहिलीला, पाक धरायच्या वेळी आग बसली. झुंबर दांडा हलवायला गेला तर दांडा हलेना. जाळी दिसत नव्हती, तिच्यावर हिरवट काळा दगड बसला होता, एकसंध. झुंबरनं पहार घातली. ठिणग्या उडाल्या, दगड हलला नाही. काहिलीतला पाक लालभडक झाला, मग काळवंडला. गूळ गेला.

लोक बाकांवरून उठून पुढं आले होते. एक जण म्हणाला, "आमचं टायरच बरं हाय मग." बाकीचे हसले. राजीचे सर पुढं होऊन काहीतरी सांगणार होते. जाळी नवीन आहे, माणसाला सवय नाही, असं काही.

राजी त्यांच्या आधी बोलली. कपाळाला काजळी लागलेली तशीच.

"मागच्या महिन्यात याच जाळीवर, याच मामांच्या हातानं काहील उतरली होती. आज उतरली नाही. चूक मामांची नाही. कशाची आहे ते मला आज माहीत नाही. ते कळेपर्यंत कुणीही आपलं चुलवाण बदलू नका."

कुणी हसलं नाही मग. टायरवाला म्हणाला, "कळलं की सांगा, ताई. येऊ आमी."

लोक गेल्यावर मानसिंगराव माझ्याजवळ आले. मला वाटलं ढेप दारात टाकायची गोष्ट काढतील. म्हणाले, "तात्या, पोरगी तुमच्यावर गेली. न्हाय म्हणायला घाबरत न्हाय."

माझ्यावर नाही. मी नाही म्हणायचो ते सरकारच्या पाण्याला. ती आज स्वतःच्या कामाला नाही म्हणाली, भरल्या गुऱ्हाळात. पहिली काहील उतरली त्या दिवसापेक्षा आज मला जास्त अभिमान वाटला. ती ओसरीवर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. मी पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला. तिला सांगायला हवं होतं. सांगता आलं नाही.

२ फेब्रुवारी

राजी फोनवर सरांशी बोलत होती. मी दारात तूर पाखडत होतो, ऐकू येत होतं. सर म्हणत असावेत की अहवालात पहिलीच काहील घालू, दुसरीला जळव्याचा, म्हणजे झुंबरचा, निष्काळजीपणा लिहू.

"नाही, सर," राजी म्हणाली. "मामांचं नाव त्यात येणार नाही. आणि दोन्ही काहिली येतील, नाहीतर एकही नाही."

फोन ठेवल्यावर मला म्हणाली की मार्चअखेरपर्यंत मुदत आहे. तोवर कारण सापडलं नाही तर प्रकल्प बंद होणार, आणि जाळी भंगारात.

मी बसून विचार केला. वाईट पाचटावर चाललं, चांगल्यावर अडलं. म्हणजे दोष पाचटात नाही, हे नक्की. उरला ओलावा. जानेवारीत धुकं होतं. रात्री ताडपत्रीखाली ओल शिरली असणार. दोष माझाच. उद्यापासून गंजी रोज उन्हात उलगडायची.

१६ फेब्रुवारी

रोज उलगडतो, रोज झाकतो. पाचट पापडासारखं झालं आहे. राजी त्याच्या कांड्या नेते, लहान चुलीत जाळते, फोन करते. खडा. पुन्हा खडा.

आज म्हणाली, "तात्या, दोन्ही वेळची राख तपासली. दुसऱ्या राखेत पोटॅश भरपूर आहे, त्यानंच राख वितळते. पण पहिल्या राखेत पोटॅश जवळजवळ नाहीच."

पोटॅश म्हणजे आपण उसाला पोत्यानं टाकतो ते खत. सगळं काही उसात जात नाही, पाल्यातही राहतं.

"नाही म्हणजे?"

"तेच कळत नाही. गेलं कुठं? ते पहिलं पाचट कुठल्या रानातलं होतं?"

"आपल्याच," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. आपल्याच रानातलं होतं. पुढं काही सांगायचं तर गोठ्यापर्यंत यावं लागलं असतं, आणि फोनवर ती एकटी होती खोलीत. पाचट ते पाचट. त्यानं तिला काय कळणार होतं.

"नक्की?" तिनं विचारलं.

"नक्की."

मग म्हणाली, "जेवा वेळेवर."

९ मार्च

धोंडाआक्का आली होती, माझी थोरली बहीण. नरसिंहपूरला दिलेली. राजीसाठी स्थळ घेऊन आली. चंद्राचं वर्ष व्हायच्या आत लग्न उरकावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं, असं तिचं म्हणणं. राजी आज घरीच होती. तिघं जेवायला बसलो.

आक्कानं पहिला घास घेतला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "महिपती, गोठ्याचं छप्पर कुठं गेलं रं?"

"काढलं."

"काढलं ते दिसतंय की. आंधळी हाय का मी? ठेवलंस कुठं?"

"जळालं."

"अगं बया! आग लागली आन मला कुणी कळवलं बी न्हाय?"

"आगीत नाही. गुऱ्हाळात."

आक्कानं भाकरी ताटात टाकली. "चंद्रीनं पदर खोचून शाकारल्यालं छप्पर, आन तू त्याचा गूळ केलास व्हय?"

राजीचा हात ताटावरच थांबला होता.

"तात्या, कधी?"

मी सांगितलं. गंजी जळाली ते, ट्रॅक्टर यायचा होता ते.

"म्हणजे पहिली काहील..."

"हं."

"सगळी?"

"सगळी."

ती खरकट्या हातानं उठली आणि बाहेर गेली. मला वाटलं, नेहमीसारखी उठून गेली. ताट सारलं. मागं गेलो. ती मेढींच्या मधोमध भर उन्हात उभी राहून वर बघत होती, जिथं काही नव्हतं तिथं.

"तात्या, यावर किती पावसाळे गेले होते?"

"आईचे गुडघे धरल्यापासून वर चढलंय कोण."

"ते वरून राखाडी झालं होतं, आठवतंय मला. मी कितीदा बघितलं. तात्या, पावसानं धुतलं त्याला! पोटॅश पाण्याबरोबर गेलं, वर्षानुवर्षं थेंब थेंब. माझ्या जाळीनं काही केलं नव्हतं." ती हसत होती आणि डोळे वाहत होते. "तुम्ही मला आपल्याच रानातलं म्हणालात."

"आपल्याच रानातलं होतं."

"आणि मी इथं उभं राहून बघितलं डिसेंबरात. वाटलं, तुम्हाला ते डोळ्यासमोर नको झालं म्हणून काढून टाकलंत. विचारलं तर तुम्हाला त्रास होईल."

"मला वाटलं तुला होईल."

आक्का दारात उभी होती. "दोघं बी खुळी झाल्यात. आत या, कालवण निवलं."

आत येताना राजीनं विचारलं, "त्यातलं काही उरलंय का? मूठभर तरी? राख आहे माझ्याकडं, पण मूळ पाचट हातात असलं तर सिद्ध करता येईल. नाहीतर नुसता माझा अंदाज."

"नाही उरलं," मी म्हणालो.

१० मार्च

उरलं आहे. माळ्यावर आहे. राजी पहाटेच्या गाडीनं गेली. जाताना माझ्या पाया पडली, एरवी पडत नाही. मला तेव्हाही सांगता आलं नाही.

या घरात चंद्राच्या हातचं आता फारसं काही नाही. साड्या आक्कानं वाटल्या. भांडी कंपनीत बनलेली. लोणचं संपलं. ही पेंढी तिनं बांधलेली आहे.

११ मार्च

माळ्यावरून पेंढी काढली. इंदापूरला जाऊन बारामतीची एसटी धरली. पेंढी मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "बाबा, म्हशीला डबा पोचवताय का?" मी पूर्ण तिकीट घेतलं.

राजीच्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदाच गेलो. एवढी वर्षं ती तिथं आहे. पांढरा कोट घालून आली आणि माझ्या हातात बघून थांबली.

"उरलं होतं," मी म्हणालो.

तिनं पेंढी टेबलावर ठेवली. शेजारच्या मुलीनं कात्री पुढं केली. राजीनं ती बाजूला सारली आणि गाठ नखानं सोडवायला बसली. आत खोचलेलं टोक आधी काढायचं, मग दुसरा फेरा. तिला ठाऊक होतं. तिनं सुतळी गुंडाळून माझ्या हातावर ठेवली, आणि पाचट घेऊन आत गेली.

मी बाहेर बाकावर बसलो. येणारे जाणारे विचारत होते, कोण पाहिजे. मी म्हणत होतो, राजेश्वरी मॅडमचा वडील आहे. सारखं सांगायला बरं वाटत होतं.

२५ मार्च

सिद्ध झालं. छपराच्या पाचटात पोटॅश नावालाच उरलं होतं. मग राजीनं ताजं पाचट टाकीत भिजवलं, पाणी काढून टाकलं, वाळवलं, जाळलं. राख भुसभुशीत. तेच पाचट न भिजवता जाळलं. खडा.

प्रकल्प पुढच्या हंगामापर्यंत वाढला. सर स्वतः माझ्याशी फोनवर बोलले. मी हो हो म्हणालो. तुम्ही झुंबरवर ढकलणार होतात, हे ओठांवर आलं होतं, ते तिथंच ठेवलं.

राजीला मात्र एक विचारलं. "पाचट धुवायला पाणी कुठलं? उन्हाळ्यात कालव्याच्या शेपटाच्या गावांना प्यायला पोचत नाही. मी असतो तर दिलं नसतं."

"मला माहीतच होतं तुम्ही देणार नाही," ती म्हणाली. "तुमचं पाणी नकोच, तात्या. फक्त ताडपत्री काढा. पावसाळाभर उघडं राहू द्या, दिवाळीच्या उन्हात वाळवू."

जळण पावसात ठेवायचं. मला ते मनातसुद्धा नीट म्हणता येत नाही.

२७ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळतोय, असा कुणाला आठवत नाही. गंजी उघडी आहे. पहिल्या सरीला मी ताडपत्री घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत गेलो होतो. पाय आपोआप गेले. मग तिथंच उभा राहिलो, ताडपत्री स्वतःच्याच डोक्यावर धरून.

झुंबर रस्त्यानं चालला होता. ओरडून म्हणाला, "तात्या, जळण भिजाय ठिवलंय आन स्वतःला झाकलंय! सगळं उलटं झालं की वो!"

२० जून

चंद्राचं वर्षश्राद्ध झालं. आक्का म्हणाली, लग्नाचं राहिलं ते राहिलं, आता तीन वर्षं बोलू नका. राजी म्हणाली, "चालेल, आत्या." फारच पटकन म्हणाली.

२६ ऑक्टोबर

आज दिवसभर काहिली उतरल्या. एकामागून एक.

पावसात काळं पडलेलं, ऑक्टोबरच्या उन्हात वाळवलेलं पाचट, त्याच्या कांड्या. दिसायला इतक्या भिकार की बाकांवरचे लोक एकमेकांकडं बघत होते. टायरवालाही आला होता, बोलल्याप्रमाणे. झुंबर आज नवा सदरा घालून आला होता. दांडा त्यानं राजीला हलवू दिला नाही. "तुमी बसा, ताई. जाळी माझी हाय आता." शेवटी खोरं भरून राख ओढली आणि टायरवाल्यापुढं नेली. "घाला हात. खडा गावला तर आजपासनं गुऱ्हाळ सोडतो."

त्यानं दोन्ही हात घातले. शोध शोध शोधलं. मग हात झटकून म्हणाला, "ताई, हे तुमाला गावलं कसं?"

मला वाटलं राजी पोटॅशचं सांगेल, आलेख दाखवेल. सर शेजारीच होते.

ती म्हणाली, "आमच्या आईनं गोठा शाकारला होता. मग तिच्यानं वर चढवेना, आणि ते छप्पर बरेच पावसाळे तसंच भिजत राहिलं. तात्यांनी ते मला दिलं. मी आधी माझ्या जाळीचीच बढाई मारत होते. कारण त्या छपरात होतं."

इतक्या माणसांत तिनं आईचं नाव काढलं, आणि उठून गेली नाही. तिथंच उभी राहिली.

मी चिंचेखालून पुढं गेलो. काय बोलावं ते ठरवलं नव्हतं. सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "हिचं काम मी पहिल्यापासून बघतोय. जानेवारीत काहील बिघडली, तेव्हाही मला हिचा अभिमान होता. तेव्हा जास्तच होता."

मानसिंगराव म्हणाले, "तात्या आज जादा पाळी सोडायला लागलं की!" सगळे हसले. मीही हसलो.

१६ नोव्हेंबर

गोठा शाकारला. नव्या तोडीचं पाचट, पिवळंधमक. वर मी चढलो, खालून पेंढ्या राजीनं दिल्या. डोकं कुठलं नि बूड कुठलं ते तिला नीट कळतं. आढ्याची पहिली पेंढी चंद्राच्या सुतळीनं बांधली. गाठ मला जमली नाही, राजीनं वर चढून मारली. छप्पर एका बाजूला उतरतं झालं आहे. चंद्रा असती तर सगळं खाली काढायला लावलं असतं.

आक्का आली, गोठ्याला एक फेरी मारली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गाय न्हाय, वासरू न्हाय. छप्पर कशाला घातलंस रं?"

"भिजायला," मी म्हणालो.